चावी खुंटीवर, वीज तारेत

दोन वर्षांपूर्वी आमच्या पत्त्यावर एका मोटार कंपनीचं पत्र आलं. हल्ली वापरत असलेल्या गाडीबद्दल नव्हे, चार वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या गाडीबद्दल. चालकाच्या दारावर काचा वर-खाली करण्याचा जो स्विच असतो, तो मोफत बदलून मिळेल, गाडी जवळच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन या, असा मजकूर होता. तिसऱ्या परिच्छेदात, सहज नजरेतून सुटेल अशा जागी, एक वाक्य होतं. या स्विचमध्ये बिघाड झाल्यास तो तापून धूर येऊ शकतो किंवा आग लागू शकते, आणि गाडी उभी असतानाही हे घडू शकतं.

मी ते आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "गाडी उभी. इंजिन बंद. चावी इथे खुंटीवर. मग पेटवणार कोण?"

प्रश्न अगदी रास्त आहे. चालती गाडी पेटते तेव्हा आपल्याला कारण सुचतं. इंजिन तापलं असेल, पेट्रोल गळलं असेल. पण रात्री अकराला पार्किंगमध्ये लावलेली, थंड झालेली गाडी पहाटे तीनला पेटते, तेव्हा आपण कुणाचा तरी खोडसाळपणा शोधू लागतो. तो कधी खराही असतो. मात्र अशा कितीतरी आगींचा उगम गाडीतल्याच एखाद्या हाताच्या मुठीत मावणाऱ्या विजेच्या भागात सापडला आहे, आणि त्यापायी जगभरात कोट्यवधी गाड्या कंपन्यांना परत बोलवाव्या लागल्या आहेत. या परत बोलावण्यालाच रिकॉल म्हणतात.

टाकी, पाइप आणि नळ

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. स्वयंपाकघरातला नळ बंद आहे म्हणून पाइप रिकामा असतो का? टाकीपासून नळाच्या तोंडापर्यंत पाणी भरलेलं असतं आणि ते दाबाखाली असतं. पाइपला मध्येच चीर पडली तर नळ कितीही घट्ट बंद करा, भिंत ओली होणारच.

गाडीची बॅटरी ही टाकी आणि चावी हा नळ. पण या घरात सगळे पाइप एकाच नळातून जात नाहीत. घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, चारही इंडिकेटर एकदम लावण्याची सोय, रिमोटची वाट पाहत जागा राहणारा रिसीव्हर, अशा बऱ्याच गोष्टींना चावी काढल्यावरही वीज लागते. ब्रेकचा दिवा घ्या. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागतो. म्हणजे त्या तारेत वीज चोवीस तास हजर असते. चावी हा घराचा मेन स्विच नव्हे, ती फक्त एका मजल्याची कळ आहे.

यावर कुणी म्हणेल, अहो, बारा व्होल्टची ती बॅटरी! दोन्ही टोकांना बोटं लावली तरी झटका बसत नाही. खरं आहे. झटका बसण्यासाठी आपल्या कातडीचा विरोध मोडेल इतका विजेचा दाब लागतो आणि बारा व्होल्टमध्ये तो नसतो. आगीला मात्र उष्णता पुरते, आणि उष्णता ठरते ती तारेतून किती वीज वाहते यावर. हीच बॅटरी सकाळी स्टार्टर फिरवताना क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर वीज देते. लहान मोटारीतल्या भरलेल्या बॅटरीत साधारण अर्धा युनिट वीज साठलेली असते. वीजबिलावर अर्धा युनिट म्हणजे किरकोळ, पण ती सगळी अंगठ्याएवढ्या जागेत खर्च झाली तर किरकोळ राहत नाही.

आणखी एक गोष्ट. घरात विजेसाठी जाण्याची एक तार आणि परतीची एक तार असते. मोटारीत परतीची तार बहुतेक ठिकाणी नसतेच. गाडीचा पत्राच परतीचं काम करतो. गॅरेजवाले याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. तार वाचते, वजन वाचतं. पण त्यामुळे बॅटरीच्या प्रत्येक जिवंत तारेच्या भोवताली, बोटभर अंतरावर, तिला ओढून घ्यायला तयार असलेलं लोखंड असतं. मध्ये असतो फक्त प्लास्टिकचा, रबराचा किंवा कसला तरी पातळ पडदा.

तो पडदा फाटला तर काय होतं, याचा सगळ्यात मोठा धडा अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या गाड्यांनी दिला.

अंगठ्याएवढ्या स्विचची गोष्ट

अमेरिकेतले रस्ते लांबलचक आणि सरळ. तिथल्या गाड्यांत क्रूझ कंट्रोलची सोय फार पूर्वीपासून आहे. वेग एकदा ठरवून दिला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घ्या, गाडी तोच वेग धरून धावते. ब्रेक दाबताक्षणी मात्र ही सोय बंद पडलीच पाहिजे. ते काम ब्रेकच्या दिव्याचा स्विच करतो. पण समजा तोच बिघडला तर? म्हणून फोर्डने जोडीला दुसरा स्विच दिला. चालकाने जोरात ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलचा दाब वाढतो, त्या दाबाने हा स्विच उघडतो आणि क्रूझ कंट्रोलची वीज तुटते. हा सुटा भाग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बनवलेला होता. हेतू सुरक्षेचा, विचार चांगला, आणि दोष याच भागात निघाला.

स्विच बसवला होता ब्रेकच्या मास्टर सिलिंडरजवळ. त्याच्या एका अंगाला ब्रेक ऑइल, दुसऱ्या अंगाला विजेचे संपर्कबिंदू आणि दोहोंच्या मध्ये कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकचा पातळ पडदा. कॅप्टॉन हे काही हलकं द्रव्य नव्हे, अंतराळयानांच्या आवरणातही ते वापरतात. पण चालक ब्रेक दाबतो तेव्हा पडदा एका बाजूला फुगतो, सोडतो तेव्हा परत येतो. शहरातल्या रहदारीत हे दिवसातून किती वेळा होत असेल! शंभराची नोट पुन्हा पुन्हा त्याच घडीवर मुडपली की एक दिवस घडीवरच विरते आणि फाटते. पडद्याचं तसंच झालं. बारीक भेगा पडल्या आणि ऑइल हळूहळू विजेच्या बाजूला झिरपू लागलं.

नुसतं झिरपून आग लागत नाही. ताजं ब्रेक ऑइल विजेचं फारसं चांगलं वाहक नसतं. पण त्याला हवेतलं पाणी ओढून घेण्याची सवय असते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तशीच. म्हणून तर दर दोनेक वर्षांनी ते बदला असं सांगतात. पाणी धरलेलं हे ऑइल स्विचमधल्या धातूवर बसलं की गंज सुरू होतो, गंजातले क्षार त्यात विरघळतात आणि साध्या ऑइलचा खारट, वीज वाहणारा रस तयार होतो. स्विचची एक बाजू बॅटरीला जोडलेली, खालचं लोखंडी बूड गाडीच्या पत्र्याला टेकलेलं. दोहोंमध्ये हा रस एक पूल बांधतो. आधी चिमूटभर वीज वाहते, तिच्याने गंज वाढतो, गंजाने वाट रुंदावते, रुंद वाटेने आणखी वीज जाते. महिनोन्महिने, कुणाला चाहूलही न लागता. डॅशबोर्डवर यासाठी कुठला दिवा नाही, वास नाही, आवाज नाही. शेवटी स्विचचं प्लास्टिक वितळतं, पेट घेतं, आणि शेजारी मुळातच जळू शकणारं ब्रेक ऑइल असतं.

आणि हे सगळं इंजिन बंद असताना का? कारण फोर्डने या स्विचला वीज दिली होती ती नळाच्या अलीकडून. चावी काढली तरी तो जिवंतच राहायचा. क्रूझ कंट्रोल हमरस्त्यावर, चालत्या गाडीत वापरायची गोष्ट. तिच्या स्विचला रात्री गॅरेजात वीज कशासाठी हवी, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

१९९९ मध्ये पहिला रिकॉल झाला तो १९९२-९३ सालच्या लिंकन टाउन कार, क्राउन व्हिक्टोरिया आणि ग्रँड मार्क्विस या मोठ्या गाड्यांचा, पावणेतीन लाखांच्या आसपास. प्रकरण तिथेच मिटेल असं वाटलं होतं. पण पिकअप ट्रक पेटू लागले. जानेवारी २००५ मध्ये सुमारे ८ लाख गाड्या बोलावल्या, त्याच वर्षी सप्टेंबरात आणखी ३८ लाख. २००६ मध्ये १२ लाख, २००७ मध्ये ३६ लाख. ऑक्टोबर २००९ मध्ये ४५ लाखांची शेवटची मोठी खेप आली, तेव्हा एकूण आकडा १ कोटी ४० लाखांच्या पुढे गेला होता. पहिल्या आणि शेवटच्या खेपेत दहा वर्षांचं अंतर. तेवढ्या काळात दोषी स्विच लाखो घरांना चिकटलेल्या गॅरेजांत जिवंत होते. अमेरिकेत गाडीचं गॅरेज बरेचदा घराच्याच भिंतीला लागून असतं. वर मुलांची झोपण्याची खोली, खाली गाडी.

फ्यूज का उडाला नाही?

ज्यांना विजेचं थोडं कळतं, त्यांच्या मनात हा प्रश्न आतापर्यंत आलाच असेल. शॉर्टसर्किट झालं तर फ्यूज उडायला हवा. मग तो काय करत होता?

फ्यूज आपलं काम चोख करत होता. त्याचं काम तारेला वाचवण्याचं आहे, तारेच्या टोकाला बसलेल्या भागाला वाचवण्याचं नव्हे. या स्विचच्या वाटेवर फ्यूज होता १५ अँपिअरचा, कारण त्याच फ्यूजवर इतरही कामं होती. गंजाच्या पुलावरून समजा ५ अँपिअर वीज वाहते आहे. फ्यूजच्या हिशेबी ही अगदी सभ्य, नेहमीची मागणी. पण ५ गुणिले १२ म्हणजे ६० वॅट. जुना पिवळा साठचा बल्ब लागलेला असताना त्याला हात लावून पाहिलेल्यांना साठ वॅट म्हणजे काय ते ठाऊक आहे. तो बल्ब मुठीएवढा असतो आणि हवेत मोकळा लटकतो. इथे तीच उष्णता अंगठ्याएवढ्या बंद प्लास्टिकमध्ये कोंडलेली असते. कडकडून झालेलं शॉर्टसर्किट फ्यूज लगेच ओळखतो. अर्धवट, ओलसर, रेंगाळणारं शॉर्टसर्किट त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जातं.

म्हणून उपायही साधा निघाला. फोर्डच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक स्विच आणि मूळ वायरिंग यांच्यामध्ये एक छोटा जोड बसवायचा, आणि त्या जोडात असायचा फक्त २ अँपिअरचा फ्यूज. स्विचचं खरं काम तेवढ्यात भागतं. गंजाचा पूल अंगात येण्याआधीच आता फ्यूज उडतो. सुरुवातीला हे जोड पुरेसे तयार नव्हते, तेव्हा मेकॅनिक सरळ स्विचचा प्लग काढून ठेवायचे. क्रूझ कंट्रोल बंद पडायचा, पण रात्र निर्धास्त जायची.

इतका मोठा धडा गिरवल्यावर असं पुन्हा होऊ नये, असं वाटतं. पण सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी अमेरिकेत मिळून जवळपास ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. दोष यावेळी एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या भागात होता. आतल्या आत द्रव गळून विजेच्या बाजूला पोचत होता. गाडी उभी असतानाही आगीचा धोका होता, आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर लावा, असं मालकांना सांगावं लागलं. उपाय काय? फ्यूज बदलणे.

पावसाचं पाणी आणि नको तिथला स्प्रे

आता पुन्हा आमच्या पत्रातल्या स्विचकडे येऊ. काचेचा मुख्य स्विच चालकाच्या दारावर, हाताच्या टेकूवर, तोंड वर करून बसलेला असतो. टोलनाक्यावर पावसात काच खाली केलेली किती वेळा आठवते? पाणी सरळ त्याच्या अंगावर येतं. त्यात चहा-सरबताचे थेंब मिळतात, कधी लहान मुलाच्या हातातलं सगळंच.

जानेवारी २०१० मध्ये होंडाने याच स्विचसाठी जगभरातल्या ६ लाख ४६ हजार जॅझ, फिट आणि सिटी गाड्या परत बोलावल्या. उघड्या काचेतून आलेलं पाणी स्विचमध्ये उतरलं तर आत शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका होता. त्याआधीच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत गाडीला लागलेल्या आगीत एका लहान मुलीचा जीव गेला होता. भारतातल्या ८,५३२ होंडा सिटी या रिकॉलमध्ये होत्या.

ऑक्टोबर २०१२ मध्ये टोयोटाची पाळी आली. ७४ लाखांहून अधिक गाड्या, त्यातल्या काही हजार भारतातल्या. दोष ऐकला तर विश्वास बसणार नाही: कारखान्यात स्विचच्या आत ग्रीस सारखं लागलं नव्हतं. ग्रीस कमी पडलं की स्विच अडकत अडकत, खटके देत चालतो. संपर्कबिंदू एकमेकांवर घासतात. इस्त्रीचा सैल प्लग काही महिन्यांत काळा पडतो, सॉकेट तापून पिवळं होतं, हे प्रत्येक घरात घडलेलं आहे. धातू धातूला नीट टेकला नाही की त्या अर्धवट स्पर्शाच्या जागी विजेला विरोध होतो आणि तिथेच उष्णता साचते.

या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. स्विच अडकतो म्हटल्यावर माणूस काय करतो? बाजारातला वंगणाचा स्प्रे आणतो आणि फटीत मारतो. आपल्याकडे तर नाक्यावरचा गॅरेजवाला पैसेही न घेता मारून देतो. टोयोटाने नेमकं हेच करू नका म्हणून बजावलं. बाजारातलं असं वंगण आत गेलं तर स्विच वितळू शकतो, धूर येऊ शकतो आणि आगही लागू शकते. अधिकृत दुरुस्तीत स्विच तपासायचा आणि आतल्या भागाला ठरावीक, खास जातीचं ग्रीस लावायचं, इतकंच होतं.

चौकट : आपली गाडी रिकॉलमध्ये आहे का?

रिकॉल सहसा 'अमुक मॉडेलच्या सगळ्या गाड्या' असा नसतो. तो ठरतो चासी नंबरावरून, कारण दोष बहुधा एखाद्या खेपेत, एखाद्या पुरवठादाराच्या मालात असतो. हा नंबर १७ अक्षरा-आकड्यांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. आरसी बुकावर तो छापलेला असतो आणि गाडीच्या अंगावरही कोरलेला असतो. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो टाकला की आपली गाडी यादीत आहे की नाही ते कळतं. रिकॉलची दुरुस्ती मोफत असते. गाडी सेकंडहँड असो, वॉरंटी संपलेली असो, सर्व्हिसिंग बाहेर केलेलं असो, त्याने फरक पडत नाही. गाडी जुनी घेतली असेल तर कंपनीच्या नोंदीत आपला पत्ता आणि फोन नंबर घालून घ्यावा, कारण पत्र नोंदीतल्या पत्त्यावरच जातं.

सात वर्षांची मुदत

अमेरिकेत सदोष गाड्यांबद्दलचा कायदा १९६६ सालचा आहे. आपल्याकडे २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने, सियामने, स्वतःहून पाळायची आचारसंहिता केली. कायद्याचं बळ आलं ते २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातल्या कलम ११०-ए मुळे, आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तक्रारी ठरावीक संख्येपलीकडे गेल्या तर सरकार चौकशी करून सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, आणि तशी वेळ आली तर निर्मात्याला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुण्यात मार्च २०२२ मध्ये रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर महिन्याभरात ती बनवणाऱ्या ओला कंपनीने त्या खेपेतल्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या, आणि बॅटऱ्यांचे नियमही पुढे कडक झाले. हे सगळं स्वागतार्ह आहे.

पण या नियमांत एक मर्यादा आहे, आणि ती मला खटकते. ते सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहेत. फोर्डचा स्विच पहिल्या वर्षी पेटत नव्हता. पडदा विरायला, ऑइल झिरपायला, गंज चढायला वर्षं लागत होती. २००९ च्या खेपेत पंधरा वर्षांहून जुन्या गाड्याही होत्या. विजेचा दोष बरेचदा असाच, वयाने उगवणारा असतो. प्लास्टिक कडक होतं, रबर तडकतं, सांधे सैल पडतात. अमेरिकेत रिकॉलची दुरुस्ती पंधरा वर्षांपर्यंत मोफत द्यावी लागते. आपल्याकडे तर गाडी आठव्या वर्षी कुठे रिटायर होते? ती दुसऱ्या मालकाकडे जाते, मग तिसऱ्याकडे, शहरातून तालुक्याच्या गावी. तिथे तिच्यावर जास्तीचे दिवे चढतात, मोठा हॉर्न बसतो, कुणीतरी मूळ वायरीला दात लावून सोलतो आणि टेप गुंडाळतो. म्हणजे जिथे धोका वाढतो तिथेच नियमाचं बोट सुटतं. ही मुदत वाढायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमची गाडीही अशीच गेली होती. पत्र आमच्याकडे आलं, कारण कंपनीच्या वहीत पहिला मालक मीच होतो. आईचं म्हणणं पडलं, "पत्र आपल्याला आलंय, तर निरोप आपणच पोचवायचा." ज्याने गाडी घेतली होती त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी ती वर्षभरात विकली होती. त्यांच्याकडून एजंटाचा नंबर मिळाला आणि एजंटाकडून, तीन दिवसांच्या पाठपुराव्यानंतर, सांगलीकडच्या एका गावातल्या सध्याच्या मालकांचा.

मी कोण, कशासाठी फोन करतोय, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "काचेचा स्विच होय? तो पावसाळ्यापासून अडकतोय की. गॅरेजवाल्याकडनं स्प्रे मारून घेतलाय दोनदा."

मी त्यांना आरसी बुक घेऊन चासी नंबर वाचायला सांगितलं. त्यांनी मुलाला हाक मारली. मुलगा एक एक अक्षर मोठ्याने वाचत गेला आणि मी पत्रावर बोट फिरवत गेलो. सतराही जुळली.

"गाडी कुठे उभी आहे?" मी विचारलं.

"गोठ्याला लागून शेड हाय, तिथंच."

"आज रात्रीपासून ती बाहेर अंगणात लावा," मी म्हणालो, "आणि उद्या सकाळी सर्व्हिस सेंटरचा नंबर देतो तो लिहून घ्या."